माझे मामेसासरे आणि एक झोंबणारा शब्द

अंबरनाथपासून कोपरीपर्यंतच्या साऱ्या मुलुखात माझ्या मामेसासऱ्यांइतका पक्का आणि त्यांच्याइतका बिनकामाचा विद्वान दुसरा नाही, हे मी कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगायला तयार आहे. ‘बिनकामाचा’ हा शब्द मी त्यांच्यादेखत वापरलेला आहे आणि त्यांनी तो मान डोलावून मान्यही केलेला आहे. कामाची माहिती असणारी माणसं आमच्याकडे पायलीची पन्नास आहेत. फ्लॅटची नोंदणी कुठे होते, गुडघ्याचा डॉक्टर कोणता चांगला, शेअर रिक्षा कुठून सुटते, हे कुणीही सांगेल. पण आपण दिवसातून पंचवीस वेळा जो इंग्रजी शब्द तोंडातून टाकतो तो हजार वर्षांपूर्वी कुणाच्या घरी जन्मला, त्याचे सोयरे कोण, तो वाईट संगतीतून सुधारला की चांगल्या घरात जन्मून बिघडला, हे सांगणारा माणूस एकच, आणि तो डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्यावर एका चार मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. गंमत म्हणजे या माणसाने इंग्रजीत एक अख्खं वाक्य बोललेलं कुणी ऐकलेलं नाही. इंग्रजी ही त्यांच्या मते बोलायची वस्तूच नव्हे, ती उकरून बघायची वस्तू आहे.

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती आमच्या केळवणाला. बायकोचे हे सख्खे मामा, त्यामुळे पहिलं केळवण त्यांच्याकडे. पाटावर बसलो होतो, समोर श्रीखंड होतं, आणि सासरकडच्या कुणीतरी कौतुकाने म्हटलं की मुलगा स्मार्ट आहे हो. मी लाजून खाली बघण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात पलीकडच्या पाटावरून एक शांत, चौकशीचा आवाज आला. “असं? म्हणजे झोंबतो की काय?” कुणीच हसलं नाही, कारण घरच्यांना सवय होती. मग मामांनी डावा हात मांडीवर ठेवून मला सांगायला सुरुवात केली. इंग्रजांच्या जुन्या भाषेत हा शब्द म्हणजे दुखरं, झोंबणारं, फटका बसल्यावर कातडीवर जे होतं ते. जर्मन लोक वेदनेला जो शब्द वापरतात तो याचाच चुलतभाऊ. मग झोंबणाऱ्या फटक्यावरून तो जोरकस फटक्यावर गेला, जोरकसवरून चपळावर, चपळावरून तोंडाळावर, तोंडाळावरून हुशारावर आणि शेवटी नीटनेटके कपडे घालणाऱ्यावर. “तेव्हा जावईबापू, तुम्ही यातल्या कुठल्या मुक्कामावर आहात ते ठरवा,” असं म्हणून त्यांनी माझ्या पानात आणखी श्रीखंड वाढायला सांगितलं. त्या दिवसापासून आजतागायत, गेली बावीस वर्षं, मला कुणी स्मार्ट म्हटलं की मी आभार मानत नाही.

मामा औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. वडील अचानक गेले म्हणून शिक्षण इंटर सायन्सला थांबलं आणि चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. रंगाचा नवा घाणा तयार झाला की त्याचा नमुना पट्टीवर ओढायचा, तो मूळ नमुन्याशेजारी धरायचा आणि दोन्ही एक आहेत की नाहीत ते सांगायचं. हे बघायला त्यांना उत्तरेच्या खिडकीतला उजेड लागे. ढगाळ दिवशी ते शेरा देत नसत आणि साहेब कितीही तापला तरी उद्या ऊन पडू द्या एवढंच म्हणत. एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाचा लाल रंग त्यांनी तीन वेळा परत पाठवला. साहेब म्हणाला, “अरे, लालच आहे ना तो? मला पण डोळे आहेत.” मामा म्हणाले की लाल आहे, पण लेबलवर जो लिहिलाय तो लाल नाही. शेवटी तो घाणा पुन्हा झाला. हे सगळं मला त्यांच्या बरोबरच्या एका कामगाराने सांगितलं, मामांनी नव्हे. स्वतःच्या कर्तबगारीविषयी ते बोलतच नाहीत, त्यांना त्यापेक्षा शब्दांचीच वंशावळ सांगायची असते.

शब्दांचा नाद लागला तो एका रद्दीच्या दुकानात. वजनावर घेतलेल्या एका जाडजूड इंग्रजी शब्दकोशापायी. कोश तीन खंडांचा, त्यातला मधला खंड रद्दीवाल्याकडेही नव्हता. त्यामुळे पहिल्या अक्षरापासून ‘के’पर्यंत आणि ‘एस’पासून शेवटपर्यंतच्या इंग्रजीचे मामा सम्राट आहेत आणि ‘एल’ ते ‘आर’ या टापूत ते तुमच्याआमच्यासारखे सामान्य नागरिक. त्या टापूतला शब्द कुणी काढला की मामा खिडकीबाहेर बघून हवा बरी आहे म्हणतात. माझ्या मुलाने एकदा मोबाईलवर सगळे शब्द मिळतात हे त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं, छान आहे म्हणाले आणि मोबाईल परत दिला. दुसऱ्याच्या उजेडात रंग बघायचा नाही, असा त्यांचा काहीतरी हिशोब असावा.

कोशातून जे सापडे ते ते कार्डांवर उतरवत आणि कार्डं चपलांच्या खोक्यांत लावत. या खोक्यांनी दोन कपाटं आणि पाहुण्यांचा पलंग खालून व्यापलेला आहे. पण या कार्डांत एक गोष्ट अशी होती जी मला बऱ्याच उशिरा कळली. कार्डाच्या वरच्या अंगाला इंग्रजी, खालच्या अंगाला मराठी, आणि ते मराठी बहुतेक मामींचं. मामा बाहेरच्या खोलीतून ओरडून विचारत, “अगं, नुसतं दुखणं नव्हे, कापलेल्या बोटाला लिंबू लागल्यावर होतं ते काय?” आतून उत्तर येई, “चरचरतं.” “आणि मिरच्या कांडल्यावर?” “हात भगभगतात.” “आणि खरचटलेल्यावर नुसता वारा लागला तर?” “हुळहुळतं. आता कूकर बघू का मी?” मामी मूळच्या चिपळूणकडच्या, दहावीपर्यंत शिकलेल्या, दरवर्षी उन्हाळ्यात अख्ख्या इमारतीचा मसाला स्वतःच्या देखरेखीखाली करून घेणाऱ्या. त्यांना नवऱ्याच्या या नादाचं कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. सवय होती. त्रास होता तो बाहेरच्यांचा. चौथ्या मजल्यावरच्या एक काकू जिन्यात भेटल्या की हमखास विचारत, तुमच्या ह्यांचं अजून ते शब्दांचं चालू आहे का? एखाद्याची खरूज बरी झाली का विचारावं तशा स्वरात. मामी हो म्हणत आणि पिशवी दुसऱ्या हातात घेत.

कारण मामा हा नाद घरात ठेवतील तर शपथ. मानपाडा रस्त्यावर एका नव्या संकुलाचा भलामोठा फलक लागला होता, ‘स्मार्ट घरं’ असा. मामा मला घेऊन थेट तिथल्या कचेरीत गेले आणि टाय लावलेल्या मुलाला त्यांनी घर नक्की कुठे झोंबणार आहे, ते विचारलं. मुलगा बिचारा चांगल्या वळणाचा. “अंकल, सगळं ॲपवर चालतं ना, लाईट, फॅन, एकदम टेन्शन नाय,” असं म्हणून त्याने आमच्यासाठी पाणी मागवलं. मामांनी पाणी प्यायलं, त्याला शब्दाची सगळी वंशावळ सांगितली, आणि निघताना तो मुलगा आम्हाला दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, भारी होतं अंकल, मी पुढच्या कस्टमरला सांगतो. नंतर तो तिथे दिसला नाही. सांगितलं असावं.

पण मामांचा खरा आखाडा म्हणजे व्याख्यानमाला. ठाणे, डोंबिवली, कल्याण, जिथे कुठे सतरंजी किंवा खुर्च्या मांडून कुणी वक्ता उभा राहील तिथे मामा तिसऱ्या रांगेत. व्याख्यान संपून ‘कुणाला प्रश्न विचारायचे असतील तर’ हे शब्द निवेदकाच्या तोंडून बाहेर पडायच्या आत मामा उभे. प्रश्न नेहमी एकच. आपण मघाशी अमुक शब्द वापरलात, तो आपण कुठल्या अर्थाने वापरलात? ही पृच्छा ते इतक्या नम्रपणे करत की वक्त्याला आधी बरं वाटे आणि मग घाम फुटे. कल्याणच्या एका संस्थेने तर प्रश्नांच्या वेळी माईक श्रोत्यांत फिरवणंच बंद केलं. मामांनी त्यावर तक्रार केली नाही, ते माईकशिवाय बोलले. चहाच्या वेळी लोक त्यांच्यापासून जरा लांब उभे राहत, हे मी पाहिलेलं आहे. आणि खरं सांगायचं तर मीही कधीकधी त्यांच्यात असे.

आता मुद्द्यावर येतो. ठाण्यात आमच्या वर्तकनगरात वसाहतीची सात दिवसांची व्याख्यानमाला असते आणि पत्रिका छापून आणण्याचं काम माझ्याकडे असतं. एका वर्षी चौथ्या दिवसाचे वक्ते आयत्या वेळी अमेरिकेला मुलीकडे निघून गेले. बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत होते आणि माझ्या तोंडून मामांचं नाव निघून गेलं. विषय, एका शब्दाचा प्रवास. आमचे अध्यक्ष चाळीस वर्षं व्याख्यानमाला चालवून मुरलेले गृहस्थ. त्यांनी विचारलं, “हे तेच ना, तिसऱ्या रांगेतले?” मी हो म्हटलं. ते थोडा विचार करून म्हणाले, “मग वर असलेलेच बरे. निदान त्या दिवशी खालून प्रश्न यायचे नाहीत.” ठराव मंजूर झाला.

मी फोन केला तेव्हा मामांनी विषय मला दोनदा सांगायला लावला. मग त्यांनी विचारलं, किती वेळ? मी म्हटलं एक तास. “पूर्ण तास?” त्यांनी पुन्हा विचारलं. आयुष्यभर त्या माणसाने दुसऱ्यांच्या तासातली शेवटची दोन मिनिटंच वापरली होती. पुढचे पंधरा दिवस ते खोकी उघडून बसले होते असं मामी म्हणाल्या. मामींनी स्वतःसाठी नारायणपेठ काढून इस्त्रीला दिली होती. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होत आली, नवऱ्याबरोबर व्याख्यानाला त्या पहिल्यांदाच जाणार होत्या, आणि ते व्याख्यान नवऱ्याचं स्वतःचं असणार होतं.

घोटाळा केला तो मी. छापखान्यात मजकूर जुळवताना तिथल्या माणसाने विचारलं, “साहेब, या नावाच्या आधी काहीच नाही? रिकामं दिसतंय.” खरंच दिसत होतं. बाकी सहा नावांत तीन प्राध्यापक, दोन डॉक्टर, एक वकील. मधोमध मामांचं नाव बोडकं. आमच्याकडे नाव बोडकं छापलं तर वक्त्याचा अपमान समजतात आणि थोडा श्रोत्यांचाही. मी फारसा विचार न करता म्हटलं, प्रा. लावून टाका. मला वाटलं होतं मी मान दिला. सुंदर पिवळ्या कागदावर पत्रिका छापून आल्या आणि त्यातल्या पंचवीस मी मामींच्या पत्त्यावर पाठवून दिल्या.

मामा त्या सकाळी वाचनालयात गेले होते. मामींनी पाकीट उघडलं, पत्रिका वाचली आणि पुन्हा वाचली. मग केस नीट करून त्या जिना चढल्या. मधल्या कुणाहीकडे न थांबता आधी चौथा मजला. त्या काकूंच्या हातात त्यांनी पत्रिका दिली आणि तिथेच उभ्या राहिल्या. काकूंनी वाचून ‘अय्या, प्राध्यापक?’ म्हटलं. मग बाकीची सगळी दारं. त्या दिवशी त्या इमारतीत माझ्या मामेसासूबाई कशा चालल्या असतील ते मी डोळ्यांसमोर आणू शकतो.

दोन तासांनी मामा घरी आले, पत्रिका पाहिली आणि मला फोन केला. “जावईबापू, यात प्रा. कोण आहे?” मी म्हटलं, तुम्हीच. मानाचं असतं ते, सगळ्यांना लावतात. ते म्हणाले, “चौतीस वर्षं मी चुकीचं लेबल लावून एक डबा बाहेर जाऊ दिला नाही. आता स्वतःच जाऊ?” आवाज चढलेला नव्हता, पण त्यांनी फोन ठेवला. आणि मग त्यांनी जे केलं ते जगात फक्त तेच करू शकतात. कारखान्यातल्या दिवसांपासून खिशाला लावायची सवय असलेलं लाल पेन घेतलं आणि ते दारोदार गेले. बेल वाजवायची, पत्रिका परत मागायची, ‘प्रा.’वर एक आडवी रेघ मारायची, बाजूला आपली सही करायची, नमस्कार करून पुढच्या दारी. चौथ्या मजल्यावरही गेले. त्या काकूंनी तेवढ्यात बहिणीला फोन लावून पत्रिका वाचून दाखवायला घेतली होती, त्यांच्या हातातून घेऊन यांनी रेघ मारली.

मी दुसऱ्या दिवशी बस पकडून धावत डोंबिवलीला गेलो. मामा खुर्चीत, समोर कार्डं, पण कार्डांकडे बघत नव्हते. मामी स्वयंपाकघरात. त्यांनी मला चहा दिला, मामांपुढेही ठेवला, आणि बशी ठेवताना आवाज केला नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं. त्या त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलत होत्या, वाढू का आणि पुरे का. मी त्यांची माफी मागायला आत गेलो तर त्या कोथिंबीर निवडत होत्या. म्हणाल्या, “तुमचं काही नाही हो. ते बरोबरच आहेत, मला काय कळत नाही का. पण मला सांगून केलं असतं तर मीच गेले असते ना रेघा मारायला. माझ्या मागून गेले, मी दिलेल्या पत्रिका हातात घेऊन.” मला माझीच लाज वाटत होती, कारण ‘प्रा.’ माझा होता आणि भोग त्यांच्या वाट्याला आले होते.

अध्यक्षांना मी सगळं सांगितलं. त्यांना मामांचं म्हणणं समजेना. ते म्हणाले, “अहो, आपल्याकडे बोलतो तो प्राध्यापकच असतो. ती पदवी नाही, ती पद्धत आहे.” पण ‘प्रा.’ काढल्याशिवाय मामा येणार नव्हते, आणि एव्हाना दुसरा वक्ता मिळायची वेळ गेली होती. शेवटी व्यासपीठावरच्या कापडी फलकावर ‘प्रा.’च्या जागी पांढरा कागद चिकटवला. मागून दिवे लागल्यावर त्या कागदातून अक्षर असं काही उजळलं की बाकीच्या फलकाकडे कुणाचं लक्षच जाईना.

संध्याकाळी साडेसहाला सभागृह बऱ्यापैकी भरलं. मामी नारायणपेठ नेसून आल्या होत्या, पण पहिल्या रांगेत मी राखून ठेवलेल्या खुर्चीवर न बसता मागे, सातव्या रांगेत, भिंतीकडेला बसल्या. दीपप्रज्वलन झालं, शाल झाली, नारळ झाला. मामा उभे राहिले. पांढरा शर्ट, खिशाला ते लाल पेन. त्यांनी आधी मागे वळून फलकाकडे पाहिलं, मग म्हणाले, “मी प्राध्यापक नाही. मी रंगाच्या कारखान्यात नमुने तपासत होतो. आणलेला लाल आणि सांगितलेला लाल एकच आहे का, एवढंच मला बघता येतं. शब्दही मी तसेच बघतो.” मी सातव्या रांगेकडे बघितलं. मामी मांडीवरच्या पर्सची चेन उघडमीट करत होत्या.

आणि मग मामा बोलले. मी त्यांना इतकी वर्षं ऐकत होतो आणि मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं, हे मला तिथे कळलं. त्यांनी उजव्या हाताची बाही वर केली आणि मनगटावरचा तेजाबाचा जुना डाग दाखवला. म्हणाले, ‘स्मार्ट’ हा शब्द जन्मला तो इथे, कातडीवर. तिथून त्यांनी तो चाबकाच्या वादीवर नेला, घोड्याच्या चालीवर नेला, बाजारातल्या फटकळ बाईच्या जिभेवर नेला. मग ते थांबले आणि समोरच्या बायकांना विचारलं, आपण मिरचीला तिखट म्हणतो, मग पोरीला तिखट कधी म्हणतो? एकजण म्हणाली, उलट उत्तर दिलं की. दुसरी म्हणाली, चटकन समजलं की. मागून एक आजोबा म्हणाले, कान पण तिखट असतात. सगळं सभागृह बोलू लागलं. मामा प्रत्येकाचं ऐकून घेत आणि ‘बरोबर, हा त्याच्या शेजारचा रंग’ असं म्हणत. जी वाट इंग्रजांच्या शब्दाला चालायला शेकडो वर्षं लागली तीच वाट आपल्या स्वयंपाकघरातला शब्द कधीचा चालून बसलाय, हे त्यांनी एकही जड शब्द न वापरता दाखवून दिलं. सव्वासातच्या बससाठी नेहमी उठणारे आमचे दोन सभासद त्या दिवशी उठले नाहीत. अध्यक्षांनी माझ्या कानात, कुठे लपवून ठेवला होतात हो यांना, असं विचारलं. मी नुसतं तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं.

तास संपला, टाळ्या झाल्या आणि निवेदिकेने प्रश्नांचं विचारलं. कुणीच उठेना. ज्या माणसाने जिल्ह्यातल्या प्रत्येक वक्त्याला प्रश्न विचारला, तो समोर हात बांधून प्रश्नाची वाट बघत होता आणि सभागृह समाधानाने बसून होतं. निवेदिका आभारांकडे वळणार तेवढ्यात सातव्या रांगेत, भिंतीकडेला, मामी उभ्या राहिल्या. माईक पोचेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

“झोंबलं की ज्याला झोंबतं त्याला लगेच कळतं,” त्या म्हणाल्या. “पण ज्याच्या हातून झोंबलं, त्याला कधी कळतं?”

लोकांना तो विषयाला धरून विचारलेला चांगला प्रश्न वाटला. काहींनी मान वळवून बघितलं. मामा मात्र पार हडबडले. त्यांनी हातातल्या कार्डांकडे पाहिलं, वरचं कार्ड खाली घातलं, आणि कार्डं टेबलावर ठेवून दिली.

“उशिरा कळतं,” ते म्हणाले. “मला दहा दिवस लागले. याच्या पुढचं उत्तर माझ्या कार्डांवर नाही. कार्डांवरचं सगळं मराठी, आज मी जे जे सांगितलं ते, तुझंच आहे. ते सुरुवातीला सांगायला हवं होतं. तेही राहिलं.”

वर्तकनगरच्या व्याख्यानमालेत व्यासपीठावरून कुणी बायकोला ‘तू’ म्हटल्याचं मला आठवत नाही. क्षणभर कुणालाच काही कळेना, मग एकदम कळलं, आणि ज्या टाळ्या झाल्या त्या आधीच्यापेक्षा फार वेगळ्या होत्या. मामी खाली बसल्या. शेजारच्या अनोळखी बाईंनी त्यांना विचारलेलं मी नंतर ऐकलं, तुमचे मिस्टर का? मामी म्हणाल्या, हो.

पुढच्या रविवारी मी फोटो द्यायला डोंबिवलीला गेलो होतो. बेल वाजली, दारात चौथ्या मजल्यावरच्या काकू. त्यांना सगळं समजलेलं दिसत होतं, तरी त्यांनी विचारलंच, काय हो, प्राध्यापक नव्हतेच म्हणे ते? मामा बाहेरच्या खोलीत होते, त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मामी दारात सरळ उभ्या होत्या. “नाहीत,” त्या म्हणाल्या. “इंटरपर्यंत शिकलेत. रंगाच्या कारखान्यात होते, चौतीस वर्षं. आणि तासभर बोलत होते तर ठाण्यातलं एक माणूस जागचं हललं नाही. या आत, चहा टाकते.”

आता मामांची नजर अधू झाली आहे. कोशातली बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत, भिंगानेही नाही. दुपारी चहा झाला की मामी कोश घेऊन उत्तरेच्या खिडकीशी बसतात आणि एकेक इंग्रजी अक्षर सुटं सुटं वाचतात, मामा ती जोडून शब्द ओळखतात. एका शब्दाला कधी पाव तास लागतो. व्याख्यानमालांना ते येत नाहीत, आणि आमच्याकडे प्रश्नांच्या वेळी तिसऱ्या रांगेतून कुणी उठत नाही तेव्हा मला फार चुकल्यासारखं होतं. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मी नुसता बसून त्यांचं वाचन ऐकत होतो. थोड्या वेळाने मामींनी बोट पानात ठेवलं आणि म्हणाल्या, पुरे आता, डोळे चुरचुरायला लागले. मामांनी हात पुढे केला, त्यांच्या मांडीवरून कोश उचलला आणि चुरचुरण्याची वंशावळ न सांगता मिटून ठेवला.